झाडांची टाकी नवीन लावलीय? आधी एवढं सांभाळा

पाणवनस्पती आणि मासे असलेली काचेची टाकी लावलीत, छान! कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर, महागडी खतं यांच्या नादी एवढ्यात लागू नका.

१. लाइट रोज ६ ते ८ तास पुरे, टायमर लावून. जास्त ठेवलात तर झाडांआधी शेवाळच माजतं.

२. रात्री एअर पंप आणि फिल्टर बंद करू नका. नव्या लोकांची सगळ्यात मोठी चूक हीच. आवाजाने झोप येत नाही ना! झाडं ऑक्सिजन सोडतात ती प्रकाशात. श्वसन मात्र चोवीस तास चालूच, कारण साखरेतून ऊर्जा काढायला त्यांनाही ऑक्सिजन लागतो. अंधारात झाडं, मासे, फिल्टरमधले जिवाणू सगळेच तो ओढतात. पहाटे मासे वर येऊन तोंडं उघडझाप करताना दिसले, तर ऑक्सिजन कमी पडलाय असं समजा. उन्हाळ्यात हे जास्त होतं. गरम पाण्यात तो कमी विरघळतो.

३. हायड्रिला ही पाणवनस्पती घ्या. शाळेतल्या प्रयोगात नरसाळ्याखाली ठेवायचे तीच. भर प्रकाशात कापलेल्या देठातून बुडबुड्यांची बारीक माळ निघाली की प्रकाशसंश्लेषण जोरात चाललंय. वाढते भराभर, छाटत राहा. कुजकी पानं लगेच काढा, तीही ऑक्सिजन खातात.