पंगतीला तुम्हीही बसा

आषाढ सरत आला की या सदराच्या टपालात श्रावण आधीच येऊन बसतो. या वेळी मंगळागौर, उपास, गणपती आणि रविवारी येणारे मित्र अशी सगळीच पत्रं आहेत. शक्य तेवढी घेते आहे.

प्रश्न : ताई, सुनेची पहिली मंगळागौर आहे. संध्याकाळी खेळाला पंचवीसेक बायका येतील. घर दोन खोल्यांचं. मुलगा म्हणतो, बाहेरून जेवण मागवू. माझा जीव घरच्या स्वयंपाकात आहे, पण त्या दिवशी मी ओट्यापाशीच अडकले तर सुनेचे खेळ बघणार कधी?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : स्वयंपाक घरीच करा आणि खेळही बघा. त्यासाठी फक्त बेत बदलायला हवा. आपल्याकडे मंगळागौरीला भाजणीचे वडे लागतातच असं कुणीतरी तुम्हाला सांगेल. वडे मलाही प्रिय आहेत, पण ते कढईतून थेट पानात पडले तरच खरे. म्हणजे पंचवीस जणी जेवून उठेपर्यंत एक बाई गॅसपुढे उभी राहणार, आणि ती बाई तुम्हीच असणार. त्यापेक्षा चार-पाच वडे नैवेद्यापुरते सकाळी करा आणि संध्याकाळसाठी असा बेत ठेवा : मोडाच्या मटकीची उसळ, मसालेभात, कोथिंबीर वडी, काकडीची कोशिंबीर, श्रीखंड. कांदा-लसूण कशातच लागत नाही, त्यामुळे चातुर्मास पाळणाऱ्या विहीणबाईंचीही अडचण व्हायची नाही.

पंचवीस जणींसाठी कोरडी मटकी 1 किलो पुरते. रविवारी सकाळी भिजत घाला, संध्याकाळी पंचात घट्ट बांधा. पावसाळी गारव्यात मोड सावकाश येतात, म्हणून सोमवारी संध्याकाळपर्यंत वेळ हातात ठेवा. मोड आले की फ्रीजमध्ये. खोबरं-जिऱ्याचं वाटप सोमवारीच करून ठेवा. उसळीला गोडा मसाला, आमसूल आणि गूळ. मटकी अगदी गळू देऊ नका, दाणा दाताखाली यायला हवा.

श्रीखंडाला दीड किलो चक्का आणि साधारण 1 किलो 100 ग्रॅम साखर घ्या. पूर्वी चक्क्याच्या बरोबरीनं साखर घालत, आता एवढं गोड कुणाला सोसत नाही. सोमवारी दुपारी चक्क्यात साखर मिसळून झाकून फ्रीजमध्ये ठेवा, रात्री पुरणयंत्रातून काढा. साखर आधीच विरघळलेली असली की यंत्र हलकं फिरतं आणि श्रीखंड रेशमी होतं. वेलची-जायफळ तेव्हाच घाला. केशर कोमट दुधात खलून घाला, कोरडं टाकलं तर वाया जातं.

कोथिंबिरीच्या चार मोठ्या जुड्या, अर्धा किलो बेसन, दोन मुठी तांदळाचं पीठ, तीळ, आलं-मिरची. उंडे सोमवारी रात्री उकडून ठेवा. मंगळवारी दुपारी चारला गार उंड्यांच्या वड्या कापा आणि थोड्या तेलावर परता. वाढताना तव्यावर नुसत्या गरम केल्या तरी खमंग लागतात. गरम उंडा कापायला जाऊ नका, भुगा होतो.

मंगळवारी संध्याकाळी गॅसवर करायचा पदार्थ उरतो फक्त मसालेभात. दीड किलो तांदूळ घ्या, कोलम असला तर उत्तम. आंबेमोहोराचा वास स्वर्गीय, पण एवढ्या मापात तो लगदा होतो. एकाच मोठ्या पातेल्यात शिजवू नका, खालचा भात करपतो आणि वरचा कच्चा राहतो. दोन पातेली करा, तांदूळ अर्धा तास आधी धुऊन निथळा, तोंडली फोडणीत चांगली परता आणि तांदळाच्या दुप्पट आधणाचं पाणी घाला. आठला पानं घ्यायची असतील तर पावणेसातला फोडणी. शिजल्यावर झाकणावर जाड टॉवेल टाकून ठेवलात की तासभर गरम राहतो. उरलेला भात मात्र रात्रभर ओट्यावर ठेवायचा नाही. शिजलेला भात तास-दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेला पाहिजे. त्यातले काही जिवाणू शिजवूनही मरत नाहीत आणि उबेत वाढून पोट बिघडवतात, मग भात पुन्हा गरम करूनही उपयोग नसतो.

जागरणासाठी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणि डब्यात पातळ पोह्यांचा चिवडा. मी सांगलीची, भडंगावर माझा जीव, पण लसणीशिवाय भडंग नाही, म्हणून त्या रात्री चिवडाच.

आणि एक गोष्ट मी मनापासून सांगते. पंगती दोन होतील. पहिल्या पंगतीला सुनेशेजारी तुम्ही बसा. वाढायला मुलगा आहे, त्याचे बाबा आहेत. मुलगा बाहेरून मागवायला तयार होता ना? म्हणजे त्याला तुमची काळजी आहे. त्याच्या हातात भाताचं पातेलं द्या.

प्रश्न : साबुदाण्याची खिचडी दर वेळी गोळा होते. पाणी कमी केलं तर दाणे कडक राहतात. काय करू?
— श्रावणी सोमवार करणारी, परभणी

उत्तर : पाण्याआधी धुणं बघा. साबुदाणा म्हणजे टॅपिओकाच्या कंदाचं सत्त्व, आपल्याकडे येतो तो मुख्यतः तामिळनाडूतल्या सेलमकडून. दाण्यावर बसलेली भुकटी गेली नाही तर तीच कढईत खळ होते. पाणी नितळ दिसेपर्यंत चोळून धुवा, मग दाणे जेमतेम बुडतील एवढंच पाणी ठेवून चार-पाच तास झाका. चिमटीत दाबल्यावर पूर्ण चपटा झाला पाहिजे, मध्ये टोचलं तर पाण्याचा हबका मारून अर्धा तास थांबा. दाण्याचं कूट, मीठ आणि साखर कढईत नाही, आधी साबुदाण्यालाच चोळून घ्या. कूट ओल शोषून घेतं. परतताना झाऱ्या थोडाच चालवा, आणि दाणे पारदर्शक दिसले की गॅस बंद.

प्रश्न : काकू, आम्ही न्यू जर्सीत असतो. गणपतीला तीस-चाळीस लोक दर्शनाला येतात. उकडीचे मोदक करायचे आहेत, पण पारीला भेगा पडतात. ओला नारळ, हळदीची पानं सहज मिळत नाहीत. साचा आणि विकतचं पीठ वापरलं तर चालेल का?

उत्तर : चालेल म्हणजे काय, जरूर वापरा. बाप्पाला हातच्या कळ्या हव्यात आणि साच्याचा मोदक नको, असं कुठल्याही पोथीत लिहिलेलं नाही.

पिठाचं बघा. तुमच्याकडे थाई दुकानातलं तांदळाचं पीठ मिळतं, ते फार बारीक असतं आणि मोदकाला छान. फक्त चिकट तांदळाचं पीठ वेगळं असतं, ते उचलू नका. इथे घरच्या ताज्या पिठाला वाटीला वाटी पाणी लागतं, सुकं पाकिटातलं पीठ जास्त ओढतं, म्हणून वाटीला सव्वा वाटी धरा. पाण्यात चिमूट मीठ आणि चमचाभर तूप, उकळी फुटली की गॅस बारीक, पीठ घालून हलवा, झाकण ठेवून दोन मिनिटं वाफ, मग गॅस बंद करून आणखी दहा मिनिटं झाकलेलंच. भेगा पडतात त्या मळण्यात कमी पडल्यामुळे. उकड गरम असतानाच, हात पाण्यात बुडवत, तळहाताच्या टाचेनं रगडून मळा. सुपारीएवढी गोळी चपटी करून बघा, कडा फाटली तर अजून पाण्याचा हात. उरलेली उकड ओल्या फडक्याखाली. भरलेला मोदक चाळणीत ठेवण्याआधी गार पाण्यात बुडवून काढा, वाफेत तडकत नाही.

फ्रोझन खवलेला नारळ चांगला असतो, पण त्यात पाणी असतं. पूर्ण वितळू द्या, कढईत नुसताच परतून ओल कमी करा, मग गूळ. दोन वाट्या नारळाला एक वाटी गूळ. सारण एकत्र यायला लागलं, अजून ओलसर आहे, तेव्हाच उतरवा. त्यापुढे गेलं की गार झाल्यावर खडा होतो. सारण दोन दिवस आधी करून फ्रीजमध्ये ठेवता येतं. हळदीच्या पानाऐवजी केळीचं पान तुपाचा हात लावून चाळणीत घाला. वाफ दहा-बारा मिनिटं.

चाळीस जणांना पोटभर मोदक घालण्याच्या मागे लागू नका. नैवेद्याचे एकवीस आणि प्रत्येकाला एक एवढेच करा, सोबत वाटली डाळ आणि पन्हं किंवा कोकम सरबत ठेवा. डाळ सकाळी करून ठेवली तर दिवसभर तिच्याकडे बघावं लागत नाही. आणि आलेल्या मुलांना साच्यात उकड दाबायला बसवा. तिथल्या मुलांना मराठी सण कळायचा तो असा हात बरबटूनच कळेल, असं मला वाटतं.

प्रश्न : मी हिंजवडीत चौघांबरोबर राहतो. रविवारी मित्र येतात तेव्हा नूडल्स सोडून काय करता येईल? एक शेगडी, एक कढई, एक कुकर.

उत्तर : पिठलं-भात कर. कुकरमध्ये भात लावून बाजूला काढ, मग त्याच शेगडीवर कढई. तेल सढळ, मोहरी, जिरं, हिंग, ठेचलेली लसूण, मिरच्या, दोन कांदे, हळद. एक वाटी बेसन तीन वाट्या पाण्यात गुठळी न राहता कालवून ओत आणि सात-आठ मिनिटं शिजव. कच्च्या पिठाचा वास गेला पाहिजे, घाई करू नकोस. भाकऱ्या जवळच्या पोळीभाजी केंद्रातून आण, त्यात लाज नाही. वर कच्चं तेल आणि कांदा फोडून.

प्रश्न : माझं वय त्र्याहत्तर. गुडघ्यांमुळे फार वेळ उभं राहवत नाही. नातवंडं सुटीला येतात तेव्हा सगळं बाहेरून येतं. माझ्या हातचं काहीतरी त्यांना खायला घालावंसं वाटतं.
— एक आजी, नाशिक

उत्तर : आजी, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दडपे पोहे करा, सगळं बसून होतं. पातळ पोहे परातीत घ्या, त्यावर अख्ख्या नारळाचा चव, बारीक चिरलेला कांदा, कोथिंबीर, लिंबू, मीठ, साखर. नारळ खवायला मोठ्या नातवाला बसवा, कांदा-कोथिंबीर तुम्ही विळीऐवजी ताटात सुरीनं चिरा. नारळाचं पाणी शिंपडून हलक्या हातानं कालवा, वर ताट आणि त्यावर वजन ठेवून अर्धा तास दडपून ठेवा. उभं राहायचं ते फक्त फोडणीपुरतं : तेलात शेंगदाणे, मोहरी, हिंग, हळद, मिरची, कढीपत्ता. तीही सूनबाईंना करायला सांगता येईल. फोडणी मात्र खायला घ्यायच्या आधी पाच मिनिटं घाला, नाहीतर दाणे मऊ पडतात, आणि पोह्याचा भाजलेला पापड शेवटी हातानं चुरा.