ग्रामीण भागात फिजिओथेरपी असिस्टंटनं कोणतं खास प्रशिक्षण घ्यावं?

तुम्ही यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या दवाखान्यात फिजिओथेरपी असिस्टंट म्हणून लागलात. आता न्यूरो (मेंदू-नसांचे आजार), ऑर्थो (हाडं-सांध्यांचे आजार) की लहान मुलं, यातलं कशाचं प्रशिक्षण घ्यावं आणि ऑनलाइन सर्टिफिकेटला काही किंमत आहे का, असं तुमचं विचारणं आहे. मी फिजिओथेरपिस्ट आहे, वर्धा-यवतमाळ पट्ट्यातच काम करते आणि असिस्टंट मुलामुलींना शिकवते. तुमच्याकडे येणाऱ्या पेशंटपैकी चुकीच्या हाताळणीनं सगळ्यात जास्त नुकसान कोणाचं होतं ते बघा आणि तेच आधी शिका. आपल्या भागात तो बहुतेक वेळा लकव्याचा पेशंट असतो. म्हणून न्यूरो.

हे नुसतं माझ्या ओपीडीवरून म्हणत नाही. गडचिरोलीच्या 'सर्च' संस्थेनं गावोगावच्या मृत्यूंची कारणं तपासली होती. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात लकवा हे मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण निघालं, सुमारे 14 टक्के मृत्यू त्यानं झाले होते. जे वाचतात ते नागपूर-सावंगीच्या मोठ्या दवाखान्यांतून डिस्चार्ज घेऊन गावी येतात. दर आठवड्याला एवढ्या लांब व्यायामाला जाणं कोणाला परवडतं? एसटीचं भाडं, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी, वर तिथली रांग. मग पेशंट घरीच राहतो आणि घरचे त्यांना सुचेल तसं करतात.

घरचे नेमकं काय करतात, ते बघा. लुळ्या हाताला धरून त्याला बाजेवरून ओढून उठवतात. खांद्याभोवतीचे स्नायू ढिले पडलेले असतात, त्यामुळे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीतून खाली सरकतो. काही दिवसांत खांदा इतका दुखायला लागतो की माणूस व्यायामालाच नाही म्हणतो. पाय सुधारत असतो, पण खांद्यापायी सगळं अडतं. यात वाईट कोणाचंच नसतं, त्यांना कोणी दाखवलेलं नसतं एवढंच.

मी असिस्टंटला पहिल्यांदा हेच शिकवते. आधी बाज बघायची. सैल झालेल्या बाजेत माणूस रुततो, तिच्यावरून धडधाकट माणसालाही नीट उठता येत नाही. तिच्यावर फळी टाकायची किंवा तिची नवार ताणून घ्यायची. पेशंटला काठाशी बसवायचं, दोन्ही तळवे जमिनीला टेकलेले आणि टाचा गुडघ्यांच्या थोड्या मागे. आपण लुळ्या बाजूला उभं राहायचं, एक हात पाठीमागून खांद्याच्या फऱ्यावर, दुसरा कमरेला. मग त्याला पुढे वाकायला सांगायचं, नाक पायाच्या बोटांच्या वर येईपर्यंत, आणि तिथून उठायचं. हाताला धरून ओढायचं नाही. हे जमलं की बाजूला व्हायचं आणि सूनबाईला किंवा मुलाला आपल्यासमोर करायला लावायचं. त्यांना जमलं तरच आजचं काम झालं, कारण रात्री लघवीला उठवायला आपण तिथे नसतो.

आता याहून महत्त्वाचं. कधी थांबायचं आणि कोणाला फोन करायचा, हे असिस्टंटच्या खास प्रशिक्षणात आलंच पाहिजे. लकव्यानंतर पडून असलेल्या पेशंटची एकच पोटरी सुजली, गरम लागली, दुखायला लागली तर ती चोळायची नाही. शिरेत रक्ताची गाठ झालेली असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जीव जातो. आपल्याकडे तेल गरम करून मालिश करायला प्रत्येक घर तयार असतं, म्हणून हे घरच्यांनाही सांगावंच लागतं. व्यायामाआधी बीपी बघणं, छातीत दुखलं किंवा बोलणं अचानक जड झालं तर सगळं सोडून डॉक्टरांकडे पाठवणं, हेही त्यातलंच.

अमेरिकेतल्या असिस्टंटना 'स्पेशालिटी' मिळते, मग आपल्याला का नाही, असंही तुम्ही लिहिलंय. तिथे असिस्टंटचा साधारण दोन वर्षांचा कोर्स असतो आणि पहिली तुकडी 1969 साली बाहेर पडली. पण तिथेही पेशंटची तपासणी आणि उपचाराची आखणी फिजिओथेरपिस्टच करतो, आणि 'स्पेशालिस्ट' ही बोर्डाची पदवी त्यालाच मिळते. न्यूरो, लहान मुलं, वृद्ध, कॅन्सर, जखमा अशा क्षेत्रांत असिस्टंटनं वाढवलेल्या कौशल्याची नोंद वेगळी होते. मला ही व्यवस्था पटते. तपासणी एकाची, रोजचा हात दुसऱ्याचा, आणि दोघांचं बोलणं सतत चालू.

आणि असलं काम आपल्या देशात नवीन नाही. कुष्ठरोगाच्या कामात फिजिओथेरपी टेक्निशियन नावाचं पद फार आधीपासून होतं. पूर्ण फिजिओथेरपिस्ट नसलेली ही माणसं बोटांची ताकद तपासायची, वाकड्या होत चाललेल्या बोटांचे व्यायाम घ्यायची, बधिर तळव्याची रोज पाहणी करायला शिकवायची. आपल्या विदर्भात दत्तपूर, आनंदवन यांसारख्या ठिकाणी कुष्ठरोगाचं एवढं मोठं काम उभं राहिलं. एकाच आजारात मुरलेल्या हाताची किंमत इथल्या लोकांना नव्यानं सांगावी लागू नये.

लहान मुलांचं क्षेत्र मला फार जवळचं आहे, पण ते पहिलं घेऊ नका. सेरेब्रल पाल्सीच्या, म्हणजे मेंदूला इजा होऊन हालचाली बिघडलेल्या लेकराला हाताळायला अनुभवी माणसाच्या नजरेखाली बराच काळ लागतो. त्यातलं एक काम मात्र तुम्ही आत्ताही करू शकता. जन्मतः वाकडं पाऊल असलेल्या बाळांना प्लास्टर संपल्यावर ब्रेस, म्हणजे पाऊल सरळ धरून ठेवणारा पट्टा-बूट घालावा लागतो, पहिले तीन महिने दिवसाचे 23 तास, मग झोपेत, साधारण चार वर्षांचं होईपर्यंत. आई-आजीला वाटतं, पाय सरळ झाला, आता कशाला? ब्रेस सुटतो आणि पाऊल पुन्हा वळतं. आशाताईंना सोबत घेऊन अशा घरांकडे लक्ष ठेवा.

ऑर्थोचं तुम्हाला रोजच्या कामात येईलच. फवारणीचा पंप आणि कापूस वेचणीनं धरलेली कंबर आपल्याकडे कमी नाही. फक्त सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) तरुण पेशंट खुबा दुखतो म्हणून आला तर डॉक्टरांनी तपासून एक्स-रे बघितल्याशिवाय व्यायाम सुरू करू नका. खुब्याच्या हाडाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो.

राहिलं सर्टिफिकेट. 2021 च्या केंद्रीय कायद्यानं फिजिओथेरपीसारख्या आरोग्य व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोग आणि राज्य परिषदा आणल्या. संलग्न आरोग्य व्यावसायिकासाठी (टेक्निशियन वगैरे) त्यात दोन ते चार वर्षांत किमान 2000 तासांचं शिक्षण धरलंय. आठ-दहा व्हिडिओंचा कोर्स माहिती वाढवायला चांगला आहे, पण त्याच्या बळावर स्वतंत्र दवाखाना टाकता येत नाही आणि नावापुढे 'डॉक्टर' तर लावूच नका. फी भरायच्या आधी राज्य परिषदेकडे कोर्सची मान्यता विचारा. मग संस्थेत स्वतः जा आणि दोनच गोष्टी विचारा: लकव्याचे किती पेशंट मी स्वतःच्या हातानं हाताळणार, आणि त्या वेळी माझ्या शेजारी उभं कोण असणार. उत्तरात फक्त वर्गखोली आणि प्रोजेक्टर आला, तर तो कोर्स घेऊ नका. त्यापेक्षा सेवाग्राम, सावंगी किंवा नागपूरच्या मेडिकलच्या फिजिओथेरपी विभागात निरीक्षक म्हणून काही आठवडे बसू देतील का, याचं पत्र तुमच्या वैद्यकीय अधिकाऱ्यांकडून पाठवा.