जुनी रॅम नव्या मदरबोर्डवर चालेल का?

प्रश्न : माझ्या डेस्कटॉपमध्ये आठव्या पिढीचा इंटेल आय-५ प्रोसेसर आणि डीडीआर४ रॅमच्या ८ जीबीच्या दोन स्टिक आहेत. प्रोसेसर व मदरबोर्ड बदलताना हीच रॅम वापरता येईल का?

उत्तर : येईल, मात्र मदरबोर्ड पारखून घ्यावा लागेल. इंटेलचे १२व्या ते १४व्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर डीडीआर४ आणि तिच्या पुढच्या पिढीची डीडीआर५ या दोन्ही प्रकारच्या रॅमबरोबर चालतात, परंतु त्यांचे बहुतेक मदरबोर्ड यांपैकी एकाच प्रकारासाठी बनवलेले असतात. त्यामुळे जवळजवळ सारख्याच नावाचे दोन बोर्ड दुकानात दिसले, तर खोक्यावरील रॅमचा प्रकार वाचल्याखेरीज पैसे देऊ नयेत. इंटेलची स्पर्धक कंपनी एएमडी हिच्या एएम५ सॉकेटवर (मदरबोर्डवरील प्रोसेसर बसवण्याच्या जागेवर) केवळ डीडीआर५ चालते, तेव्हा तो पर्याय आपण सोडून द्यावा. दोन्ही प्रकारांना २८८ पिनाच असल्या, तरी मधली खाच वेगळ्या जागी असते, म्हणून स्टिक बसत नसल्यास जोर लावू नये. आपली रॅम २६६६ वेगाची असेल, तर ती नव्या बोर्डवरही साधारणतः त्याच वेगाने चालेल. अधिक वेगाच्या रॅमच्या तुलनेत पडणारा फरक रोजच्या कामात क्वचितच जाणवतो. पुढे ३२०० वेगाची स्टिक जोडलीत, तरी सर्व स्टिक मंद स्टिकच्याच वेगाने चालतील.