अस्वल झोपतं, मग पुढे काय?

प्रश्न: मी पाचवीला शिकवते. थंडीतल्या प्राण्यांवर कविता लिहा सांगितलं की प्रत्येक वहीत अस्वल झोपतं नि चिमणी कुडकुडते, संपली कविता. विज्ञान घातलं तर कविता कोरडी होईल का?

उत्तर: अजिबात नाही हो ताई, उलट कोरडी होते ती माहिती नसल्यामुळेच! आता अस्वलच घ्या, मादी ऐन हिवाळ्यात गुहेतच पिल्लांना जन्म देते, महिनोन्महिने स्वतः काही न खाता अंगावरच्या चरबीवर त्यांना दूध पाजत राहते, एवढं सगळं चाललेलं असताना आपण नुसतं "झोपलं" लिहून मोकळे होतो हे मला खरंच पटत नाही.

मला सगळ्यात जास्त ओढ लावतो तो उत्तर अमेरिकेतला वुड फ्रॉग. पाचोळ्याखाली हा अक्षरशः गोठतो, अंगातल्या निम्म्याहून जास्त पाण्याचा बर्फ होतो, श्वास बंद, हृदयही बंद. पण गोठायला लागताच त्याचं लिव्हर रक्तात भरपूर ग्लुकोज सोडतं, त्यामुळे पेशींच्या आतलं पाणी टिकतं आणि बर्फ होतो तो पेशींच्या बाहेर. मुलांना हे सांगा आणि मग बघा. मी असं लिहीन:

पानाखाली पडलाय बेडूक
छातीत ठोका नाही
बर्फ फिरलाय कातडीखाली
तरी मेलेला नाही
पेशीपेशीत साखर भरून
वाट बघतोय काय?
वितळेल बर्फ, पडेल ठोका
मग हलेल पाय

यात ठोका आधी नि पाय नंतर हा क्रमसुद्धा खराय, यमकासाठी ओढून आणलेला नाही.

मधमाश्यांवर तर कवितेचा आकारच बदलता येईल. थंड प्रदेशात त्या राणीभोवती गोळा होऊन बसतात, पंख न हलवता उडायचे स्नायू नुसते थरथरवतात, त्याची ऊब तयार होते, इंधन साठवलेला मध, आणि आतल्या-बाहेरच्या माश्या जागा बदलत राहतात. मग मुलांना सांगा की प्रत्येक कडव्यात बाहेरची ओळ आत आणा, आतली बाहेर.

एम्परर पेंग्विनचा बाबा साधारण ६५ दिवस पायांवर अंडं सांभाळतो, उपाशी. तोही छान विषय आहे, पण एका मुलाने एकच प्राणी घ्यावा, पाच कोंबले की पुन्हा यादीच होते.

आणि एक अट घालून बघा, कवितेत "थंडी" आणि "झोप" हे दोन शब्द वापरायचे नाहीत. यमक नाही जुळलं तरी चालेल.