आधी बैठक, मग प्रवचन

ध्यानातली अडचण घेऊन आलेल्या एका बाईंनी पहिल्याच भेटीत फोन उघडून माझ्यासमोर ठेवला. १४० च्या वर धम्मप्रवचनं डाउनलोड केलेली. "मॅडम, यातलं नेमकं कोणतं ऐकू? एक जण म्हणतात, मन भरकटलं की श्वासावर आणा. दुसरे म्हणतात, काही करू नका, नुसतं बघा. आणि आवाज बंद केला की मला बसवतच नाही."

(त्यांच्या परवानगीने लिहिते आहे, ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

ही काळजी घेऊन येणारे बरेच असतात. ध्यान करायचंय, शिकवणारं जवळ कुणी नाही, मग रेकॉर्डिंगचा आधार. त्यात वावगं काही नाही. बुद्धवचन कित्येक पिढ्या ऐकूनच टिकलं; सुत्तांची, म्हणजे बुद्धांच्या उपदेशांची, सुरुवातच 'एवं मे सुतं', म्हणजे 'असं मी ऐकलं', अशी होते. आज धर्मा सीडसारख्या ऑनलाइन संग्रहात हजारो प्रवचनं मोफत मिळतात. अमेरिकन बौद्ध भिक्खू थानिस्सरो यांची दहा-पंधरा मिनिटांची छोटी प्रवचनं मी स्वतः अनेकांना सुचवते. तुटवडा कधीच संपलाय.

पण सुरुवातीला मी चुकले. "महिनाभर सगळं बंद ठेवा, नुसत्या बसा," असं सांगून मोकळी झाले. पंधरा दिवसांनी त्या आल्या तेव्हा चेहरा पार उतरलेला. बसणं तर राहिलंच, झोपही उडाली होती. आधीच विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं, "आवाज थांबला की काय होतं?"

बराच वेळ त्या इअरफोनची वायर बोटाला गुंडाळत राहिल्या. सोडायच्या, परत गुंडाळायच्या. मग हळूच म्हणाल्या, "आईच्या आजारपणात रात्री आम्ही दोघी मिळून ऐकायचो. ती गेली आणि घरात कुणी बोलेनासंच झालं."

त्यांना प्रवचनातून शिकवणीपेक्षा सोबत मिळत होती, आणि तीच मी काढून घेतली होती. पुढच्या चार भेटींत ध्यानाचा विषयही काढला नाही. आईबद्दलच बोललो.

नंतर मला सत्यनारायण गोयंकांच्या परंपरेतल्या दहा दिवसांच्या शिबिराचा क्रम आठवला. तिथे दिवसभर साधना आणि प्रवचन संध्याकाळी. पहिले तीन दिवस श्वास, चौथ्या दिवसापासून विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या बघणं. आणि गुडघे का दुखले, मन का पळालं, झोप का आली, याचा उलगडा संध्याकाळच्या त्या प्रवचनात होतो. दिवसभर साधकाने ते भोगलेलं असतं, म्हणून शब्द आत उतरतात. आमच्या बाईंचा क्रम बरोबर उलटा होता. म्हणून ठरवलं, आधी १२ मिनिटं शांत बसायचं, घंटा वाजली की प्रवचन. आवाज जाणार नव्हता, १२ मिनिटांनी भेटणार होता. एवढ्या खात्रीवर त्या बसू लागल्या.

उरला परस्परविरोधी सूचनांचा गोंधळ. त्यांना सोण भिक्खूची गोष्ट सांगितली. चंक्रमण, म्हणजे चालत ध्यान, करून करून त्याचे पाय रक्ताळले, तरी मन मोकळं होईना. तो पूर्वी वीणा वाजवायचा, म्हणून बुद्धांनी त्याला विचारलं, तारा फार ताणल्या तर सूर लागतो का? आणि फार सैल सोडल्या तर? 'श्वासावर आणा' हे सैल सुटलेल्या मनासाठी असू शकतं, 'नुसतं बघा' हे ताणलेल्यासाठी. समोर बसलेला शिक्षक आपली तार पाहून बोलतो. रेकॉर्डिंगला आपण दिसत नाही. म्हणून तीन महिने एकाच शिक्षकाचं ऐका, एक प्रवचन आठवडाभर तेच, आणि ऐकल्यावर एकच वाक्य वहीत लिहा, असं मी सुचवलं. बसल्यावर छाती धडधडू लागली, जुन्या आठवणी अंगावर येऊ लागल्या, तर दुसरं प्रवचन शोधत बसू नका. डोळे उघडा, उठा, माणसाशी बोला. हे मी प्रत्येकाला आवर्जून सांगते.

गेल्या भेटीत त्यांनी वही दाखवली. फोनमध्ये आता सात प्रवचनं उरली आहेत. त्यातलं आईच्या आवडीचं अजून त्यांनी लावलेलं नाही. "ते ऐकेन त्या दिवशी आधी तुम्हाला फोन करीन," म्हणाल्या. मी हो म्हटलंय.