वय १६ आहे. ऑस्ट्रेलियात मुलांना सोशल मीडियाची बंदी झाली, तशी आपल्याकडच्या नव्या कायद्याने माझं इन्स्टाग्राम बंद होईल का? आम्हाला काही हक्क आहेत की नाही?

आधी सरळ उत्तर देते. तू ऑस्ट्रेलियाचा दाखला दिला आहेस. तिथे १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना इन्स्टाग्राम, टिकटॉक, स्नॅपचॅटवर खातं ठेवता येत नाही. दंड कंपन्यांना आहे, मुलांना किंवा आईवडिलांना नाही. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात अशी बंदी नाही. त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण ‘मूल’ आहे आणि मुलाची माहिती वापरायची तर कंपनीने आधी पालकांची पडताळलेली संमती घ्यायची आहे. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले. ही तरतूद लागू व्हायला त्यात १८ महिन्यांची मुदत आहे.

याच कायद्याच्या कलम ९ मधली दुसरी गोष्ट मात्र फारसं कुणी सांगत नाही. तू काय बघतेस, कुठे थांबतेस यावर कंपनीने पाळत ठेवायची नाही आणि त्यावरून तुला जाहिराती दाखवायच्या नाहीत. मोडलं तर २०० कोटी रुपयांपर्यंत दंड. मला विचारशील तर खरं संरक्षण हेच आहे, कारण त्याचा भार कंपनीवर पडतो.

संमतीचं तसं नाही. मी ज्युनियर कॉलेजात शिकवते. अकरावी प्रवेशाच्या दिवसांत फोन वडिलांचा, ओटीपी त्यांच्या नंबरवर आणि फॉर्म भरणारी मुलगी. “अण्णा, सहा आकडे आलेत ते सांगा,” एवढाच वडिलांचा सहभाग. उद्या डिजिलॉकरमधून संमती द्यायची वेळ आली तर तीही बऱ्याच घरांत मुलंच देतील. आणि जिथे पालक खरोखर लक्ष घालतात, तिथे फोन आधी कुणाचा जातो? मुलीचा. भावाचा राहतो. सात वर्षांच्या मुलाला आणि सतरा वर्षांच्या मुलीला एकाच मापाने मोजणारा कायदा मला मान्य नाही.

काळजी खोटी आहे असं मी म्हणत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या बान्सी गावाने २०२२ मध्ये १८ वर्षांखालच्यांना मोबाईलबंदीचा ठराव केला. त्याच वर्षी सांगलीतल्या मोहित्यांचे वडगावने संध्याकाळी भोंगा वाजवून दीड तास टीव्ही-मोबाईल बंद ठेवायला सुरुवात केली. मला वडगावची रीत जास्त पटते, कारण भोंगा झाला की मोठ्यांनीही फोन खाली ठेवायचा असतो.

हक्कांचं म्हणशील तर ते तुला आजच आहेत. भारताने १९९२ मध्ये स्वीकारलेल्या बालहक्क करारात खासगीपणाचा, माहिती मिळवण्याचा आणि स्वतःच्या बाबतीतल्या निर्णयात ऐकून घेतलं जाण्याचा हक्क आहे. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, हॉस्टेलमध्ये मोबाईल जमा करायला नकार देणाऱ्या विद्यार्थिनीच्या बाजूने निकाल देताना, इंटरनेट वापरणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला. ती सज्ञान होती, त्यामुळे तो निकाल तुला जसाच्या तसा लागू होणार नाही, पण आधार म्हणून मोलाचा आहे.

एक मात्र आजच फोनमध्ये सेव्ह करून ठेव. कुणी फोटोवरून धमकावत असेल, त्रास देत असेल, तर १०९८ या चाइल्डलाइनवर तू स्वतः फोन करू शकतेस. त्यासाठी घरच्यांची परवानगी लागत नाही.