मॅमोग्राफी आणि डेक्सा स्कॅनसाठी आईची तयारी काय करावी? दुखतं का?

तुमच्या आई ५६ वर्षांच्या, पाळी थांबलेली, आणि डॉक्टरांनी मॅमोग्राफी (स्तनांचा एक्स-रे) व डेक्सा (हाडांची घनता मोजणारा स्कॅन) दोन्ही सांगितलंय. दोन्ही एकाच दिवशी उरकतात, उपाशी राहावं लागत नाही.

त्या दिवशी अंघोळीनंतर काखेत, छातीवर पावडर, डिओ, क्रीम काहीही नको. पावडरीचे आणि डिओतल्या ॲल्युमिनियमचे कण फोटोत बारीक पांढरे ठिपके होऊन उमटतात. सुरुवातीच्या कॅन्सरमधले कॅल्शियमचे कणही तसेच दिसतात, मग पुसून पुन्हा फोटो काढावा लागतो. मंगळसूत्र, साखळी घरीच उतरवून ठेवा.

दुखण्याचं खरं सांगायचं तर मॅमोग्राफीत स्तनावर दाब चांगलाच जाणवतो, पण दर फोटोला काही सेकंदच. प्रत्येक बाजूचे दोन फोटो असतात, एक वरून, एक तिरका. दाबून पसरवलं की एकावर एक आलेले थर सुटे होतात, गाठ लपत नाही आणि किरणंही कमी लागतात. तिरक्या फोटोला बऱ्याच जणी घाबरून खांदा आवळतात, त्यामुळे काखेजवळचा भाग सुटतो आणि फोटो परत घ्यावा लागतो. खांदा सैल सोडायचा, एवढं आईंना आधीच सांगून ठेवा. (पाळी चालू असणाऱ्यांनी पाळीनंतरच्या आठवड्यात जावं, तेव्हा कमी दुखतं.) आधी मॅमोग्राफी झाली असेल तर नुसता रिपोर्ट नको, जुने फोटोही न्या.

मॅमोग्राफीच्या रिपोर्टवर बायरॅड्सचा आकडा असतो, म्हणजे फोटोत कॅन्सरची शंका किती हे सांगणारी श्रेणी. ० म्हणजे 'काही नाही' नव्हे! या फोटोंवरून निर्णय होत नाही, आणखी फोटो किंवा सोनोग्राफी हवी, असा त्याचा अर्थ. १ आणि २ ठीक. ३ ला कॅन्सरची शक्यता २ टक्क्यांहून कमी, बहुधा ६ महिन्यांनी परत बोलावतात. ४ आणि ५ ला बायोप्सी (तुकडा काढून तपासणी), तिथे चालढकल नको. आणि हाताला गाठ लागत असेल तर रिपोर्ट नॉर्मल आला तरी डॉक्टरांना दाखवाच.

डेक्सा अजिबात दुखत नाही, नुसतं पडून राहायचं. कॅल्शियमची गोळी आदल्या दिवसापासून बंद ठेवा, पोटात न विरघळलेली गोळी मणक्यावर दिसली तर आकडा खोटा वाढतो. बेरियमची तपासणी किंवा कॉन्ट्रास्टचा सीटी नुकताच झाला असेल तर आधी सांगा. कमरेला चाप, झिप, किल्ल्यांचा जुडगा नको.

डेक्साच्या रिपोर्टवर टी-स्कोअर असतो, म्हणजे निरोगी तरुण हाडांच्या तुलनेत आपली घनता किती. तो -१ किंवा त्याच्या वर असेल तर नॉर्मल, -२.५ किंवा खाली ऑस्टिओपोरोसिस (हाडं ठिसूळ होणं), मधला हाडांच्या विरळपणाचा टप्पा. या वयात मणक्याला झीज होऊन हाड वाढलेलं असतं, त्यामुळे मणक्याचा आकडा फसवा चांगला येतो. म्हणून खुब्याचा आकडा जरूर बघा. शिबिरात टाचेवर करतात ती तपासणी म्हणजे डेक्सा नव्हे, तेवढ्यावर औषध सुरू करू नका. पुढची डेक्सा शक्यतो त्याच मशीनवर करा, मशीन बदललं की दोन आकड्यांची तुलना नीट होत नाही.